नेव्हरवर खूण न करणाऱ्या सुमित्रामावशी

सुमित्रामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते टेक्सासमधल्या अर्विंगच्या लायब्ररीत, बुधवारच्या इंग्रजीच्या वर्गात. मूळच्या अमरावतीच्या, वय त्रेसष्ट, यजमान गेल्यावर मुलाकडे, ईशानकडे आलेल्या. त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली होती. एका टोकाला ऑलवेज, दुसऱ्या टोकाला नेव्हर, मधे युज्वली, समटाइम्स, रेअरली. प्रत्येकीने आपलं एकेक वाक्य सांगायचं. आम्ही बाकीच्या जणी समटाइम्सच्या आसपासच घुटमळलो. तिथे फसायची भीती कमी. मावशी मात्र उठून उभ्या राहिल्या. देवापुढे दिवा लावते, ऑलवेज. खोटं बोलते, नेव्हर. दोन्ही टोकं धरून त्या बसल्या.

घरी जाऊन त्यांनी ती रेघ कागदावर उतरवली आणि फ्रिजला लावली. ईशानला यायला उशीर झाला की त्या कागदावर बोट ठेवायच्या. "पाच मिनिटांत निघतो म्हणतोस ते रेअरली खरं असतं," असं त्याला जेवता जेवता ऐकावं लागायचं.

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये मावशी आणि आम्ही राहायचो त्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये कुणाच्या तरी बाल्कनीतल्या शेगडीने पेट घेतला. माणसं वाचली, बाल्कनी जळली. मग कॉम्प्लेक्सच्या ऑफिसमधून प्रत्येक घरी एक फॉर्म आला. घरात उघडी ज्योत किती वेळा पेटवता? खाली तेच वर्गातले शब्द आणि प्रत्येकापुढे चौकोन. आपल्या सगळ्या मंडळींनी एका मिनिटात नेव्हरवर खूण केली. आमच्याकडेही तेच झालं. मी त्या दिवशी माझ्या रोजच्या वहीत नुसतं "फॉर्म दिला" एवढंच लिहिलं. काय लिहून दिला, ते लिहायला हात धजला नाही.

ईशानने आईला समजावलं. "आई, सगळे नेव्हरच लिहितात. बघायला कोण येतंय?"

"देवी बघते ना," मावशी म्हणाल्या, आणि पेनाने ऑलवेजवर ठसठशीत खूण करून फॉर्म स्वतः ऑफिसात देऊन आल्या.

आठव्या दिवशी दाराला चिठ्ठी. यापुढे कधीही ज्योत पेटवणार नाही असं लिहून सही करा, नाहीतर तीस सप्टेंबरला लीज संपते ती रिन्यू होणार नाही. ईशानचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. त्याने डोकं धरलं. मावशींचा हिशोब वेगळाच होता. घट तेवीसला बसणार, दसरा दोन ऑक्टोबरला. त्यांच्याकडे नवरात्रात अखंड दिवा, म्हणजे नऊ दिवस रात्रंदिवस तेवता, आणि एकदा लावला की जागेवरून हलवायचा नाही. घर मात्र दोन दिवस आधीच सुटणार.

"मला तोंडाने सांगता येईल तेवढं सांगते. तू फक्त सोबत चल," असं म्हणून त्या मला ऑफिसात घेऊन गेल्या.

तिथली मॅनेजर डोना काही दुष्ट नव्हती. तिने जळलेल्या बाल्कनीचा फोटो पुढे ठेवला. मावशींनी चष्मा लावून तो नीट पाहिला, मान हलवली, आणि सावकाश म्हणाल्या, "आय नेव्हर लीव्ह लॅम्प अलोन. समबडी ऑलवेज सिट्स. यू कम अँड सी. एनी टाइम." दोन ऑक्टोबरपर्यंत राहू द्या, एवढंच त्यांनी मागितलं. डोनाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तेवीसला दिवा लागला. मोठ्या परातीत वाळू, वाळूत समई, भोवती काच. एसीच्या झोताने ज्योत फडफडायची म्हणून मावशींनी त्या खोलीतली एसीची जाळी पुठ्ठा चिकटवून बंद केली. टेक्सासचा सप्टेंबर, आम्ही घामाघूम होऊन आळीपाळीने बसायचो. कोण किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे माझ्या वहीत. डोना न सांगता तीनदा आली. पहिल्यांदा मावशी स्तोत्र म्हणत होत्या, दुसऱ्यांदा मी वाती वळत होते. तिसऱ्यांदा आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो आणि दिव्यापाशी ईशान मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. तूही हे सगळं मानतोस का, असं तिने विचारलं.

"आत्ता माझी ड्यूटी आहे," तो म्हणाला, आणि परत स्क्रीनकडे वळला.

डोनाने दोन ऑक्टोबरपर्यंत राहू दिलं. पण नियम तिच्या हातात नव्हता. जाता जाता तिने तोच कागद पुन्हा पुढे केला: नेव्हर म्हणून सही करा, वर्षभर राहा. ईशान आईकडे बघत राहिला. मावशींनी कागदाची घडी घालून तिच्या हातात परत दिली.

"नो," एवढंच म्हणाल्या. वर चहा विचारला.

दसऱ्याला सकाळी घट हलवले, दिवा आपणहून शांत झाला, आणि दुपारी भाड्याचा ट्रक दारात उभा राहिला. प्लेनोला एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा अर्धा भाग मिळाला होता. त्यांनी ज्योतीचं आधीच ऐकून घेऊन होकार दिला होता. ईशानला आता रोज पाऊण तास हायवे. त्याबद्दल तो कुरकुरत होता, पण खोकी उचलत होता. मावशी देवीचा टाक मांडीवर घेऊन ट्रकच्या पुढच्या सीटवर बसल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, थोडं नमतं घेतलं असतं तर इथेच राहिला असता.

"दसऱ्याला घरात बसून राहतात का कुणी? सीमोल्लंघन करायचं असतं," त्या म्हणाल्या, आणि ईशानकडे वळल्या. "चल रे, काढ गाडी."