वांग्याखालच्या जिवांवर पहारा

सासरी संशयी माणूस असला की नव्या सुनेला टीव्ही लागत नाही. किस्से घरबसल्या साठत जातात, मी फक्त वाढते आणि ऐकते!

माहेरी अमरावतीला आम्ही परसात गांडूळखत करायचो, एवढंच एकदा जेवताना बोलले. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वांग्याचं अर्धं वावर माझ्या ताब्यात दिलं; उरलेलं अर्धं त्यांचं, युरियावर. "वांगे बिघडले त सगळं वावर युरियावर! मंग गांडुळाचं नाव काढाचं नाही."

*

नवऱ्याने मूर्तिजापूरहून गांडूळखताचं पोतं आणलं. मामाजींनी मूठभर नाकाशी धरलं.

"वास कावून नाही येत?"

"बाबा, चांगलं कुजलं की वास जाते."

"मंग ह्याच्यात शेण होतं, ह्याचा पुरावा काय?"

पुढच्या खेपेला निंबोळी पेंड आणली. तिला वास होता.

"हे सडलेलं दिसते!"

*

पाऊस झाला आणि माझ्या अर्ध्यात ढेकूळ उचलावं तिथे गांडूळ. मामाजी बराच वेळ उकिडवे बसून होते.

"सूनबाई, हे इथलेच, का माहेरून आणले?"

"सगळे सारखेच दिसतात, मामाजी. कसं ओळखू?"

मग गांडुळं टिपायला बगळे आले, तेही माझ्याच बाजूला. मामाजी म्हणाले, "बगळेबी हिलेच सामील!"

*

पण कहर झाला तो निंदताना. सासूबाई मामाजींच्या अर्ध्यात निंदत होत्या. विळ्याला काहीतरी अडकलं, ओढलं तर मामाजींचं बनियान!

"अवो, इकडं या! तुमच्यावर कोनं करणी केली वो!"

आणि सगळ्यात आधी माझ्याकडे पाहिलं. नवी सून, दुसरं कोण!

नवरा धावत आला. "आई, मीच पुरलं! दोन्हीकडं एकेक. मातीत जीव असले त सुती कपडा खातात, नाही त तसाच राह्यते. तेच पाहून राहिलो होतो."

"माह्याच बनियानावर?" मामाजी म्हणाले. "काढ दुसरं!"

त्यांच्या अर्ध्यातलं बनियान धुऊन घालता आलं असतं. माझ्या अर्ध्यातून निघाला शिलाईचा दोरा आणि कंपनीची चिठ्ठी.

सगळे मामाजींकडे पाहू लागले. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट केली. "माह्या वावरात माह्यं बनियान शाबूत. हिच्या वावरानं खाल्लं. आता सांगा, चोर कोनाच्या वावरात हायेत?"

माझं अर्धं वावर गेलंच, असं समजून मी चूल पेटवायला निघाले.

सकाळी पाहिलं, तर गांडूळखताचं उरलेलं पोतं मामाजींच्या अर्ध्यात रिकामं झालेलं होतं. आणि दोरीवरची त्यांची सगळी बनियानं कपाटात, कपाटाला कुलूप!