ज्याच्याविरुद्ध मी लिहिले

अर्जदार मी, बाळापूरच्या कचेरीसमोर अर्ज लिहून देणारा. साक्षीदार गावातील एक माळी, ज्याचा मळा मोटेच्या दोन बैलांवर चालतो. प्रसंग पोळ्यानंतरच्या सोमवारचा. इसम तो, जो सरकारतर्फे गुरांना बुळकांडी रोगाची लस टोचीत असे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

टोचल्यानंतर चौथ्या दिवशी तो पुन्हा येई आणि प्रत्येक जनावराच्या कानाला पालथा हात लावी. कान तापला म्हणजे लस लागली, अंगात रोगाशी झुंजण्याचे बळ आले. मग तो बैलालाच म्हणे, "झालं राजा, आता भिऊ नको."

त्या सोमवारी तो एकाही बैलाशी बोलला नाही. वाटेत लशीभोवतीचा बर्फ वितळून ती नासली होती.

"कान थंडे हायेत, भाऊ. लस लागली नाई," तो माळ्याला म्हणाला.

"मंग वहीत 'टोचले' कावून लिवलं?"

"टोचले तर हायेतच. वरचे तेवढंच इचारतात."

पुढे नव्या लशीसाठी त्याने धाडलेल्या दोन्ही पत्रांना उत्तर आले नाही. तेव्हा तो माझ्यापुढे येऊन बसला. "मुनशीजी, गावाच्या नावानं माह्याच विरुद्ध लिवा. तक्रार तरी वाचतीन."

माझ्या लेखणीचा वचक सर्वश्रुत आहे. मी कठोर शब्द योजले. त्याला कामावरून काढण्यात आले. लस आली नाही. रोग शेजारच्या गावी पोचला आहे.

सबब विनंती, की तो इसम निर्दोष असल्याचे माझ्या त्याच अर्जाखाली नोंदवावे, आणि लस केव्हा येणार हे, माळ्याचे बैल उभे आहेत तोवर, लेखी कळवावे.