खिशातल्या चार दुऱ्या

आमच्या गावच्या पारावर मेंढीकोट खेळणारे आम्ही सहा म्हातारे. त्यातल्या पाच जणांना पत्ते कळत नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आलो आणि आता लिहूनही ठेवतो. शाळा मी चौथीतच सोडली, पण पत्ते काही शाळेत शिकवत नाहीत.

सहा जण बसले की गड्डीतल्या चारही दुऱ्या काढाव्या लागतात, नाही तर वाटणी बरोबर बसत नाही. या दुऱ्यांची आमच्याकडे एक रीत आहे. ज्या बाजूवर कोट चढला, म्हणजे चारही दश्श्या समोरच्यांनी नेल्या, त्या बाजूच्या एकानं त्या दुऱ्या सदऱ्याच्या खिशात घालून घरी न्यायच्या आणि जिंकेपर्यंत अंगावर वागवायच्या. खिशातून त्या डोकावतात आणि किराणा दुकानवाल्यापासून सगळं गाव समजून जातं. ज्याला साधी दश्शी वाचवता येत नाही, तोसुद्धा त्या दिवशी हसून घेतो.

मागच्या साली धानाचा रोवणा आटोपल्यावर आमच्यावर कोट चढला. माझ्यामुळे नाही. माझा भिडू, ज्याच्यासोबत मी अर्धं आयुष्य खेळलो, त्याला खाकरायची खोड आहे. हुकूम टाक असं सांगायचं असलं की तो खाकरतो. त्या दिवशी तो खाकरला आणि मी हुकूम टाकला नाही, कारण मला माझी अक्कल आहे.

"काहून नाही टाकला हुकूम?" तो सगळ्यांसमोर म्हणाला.

"तुया खोकल्यावर खेळू का मी?"

"मंग एकटाच खेळ ना. मी खाकरल्याबिगर एक डाव जिंकून दाखव. तवाच ये पारावर."

"जिंकूनच येतो," मी म्हणालो.

दुऱ्या मी घेतल्या नाहीत. चूक त्याची, दुऱ्याही त्याच्याच. त्यानं त्या खिशात कोंबल्या. गड्डी मात्र माझी होती, ती उचलून मी घरी आलो. मागं राहिलेल्या पाच जणांना दुसरी गड्डी आणायचंही सुचलं नाही. मोबाइल काढून, माना खाली घालून बसू लागले. रस्त्यानं जाताना मला ते पाण्यावर आलेल्या म्हशींसारखे दिसत.

एकट्यानं पत्ते खेळता येतात हे माझ्या सुनेला ठाऊक होतं. भात शिजेपर्यंत ती मोबाइलवर तेच खेळते, सॉलिटेअर म्हणते त्याला. तिनं मला दाखवलं. पत्त्यांचे सात ढीग, प्रत्येकाचा वरचा पत्ता उघडा, बाकीचे पालथे. काळ्यावर लाल, लालवर काळा, असं राजापासून खाली उतरत यायचं. एक्के निघाले की बाजूला ठेवायचे आणि त्यांच्यावर त्या त्या रंगाचे पत्ते राजापर्यंत चढवायचे. चारही राजे चढले की जिंकलं.

तेवढ्यात तिची एक चाल चुकली. तिनं कुठंतरी बोट दाबलं आणि पत्ता आपोआप मागं गेला.

"हे काय केलं?"

"चाल मागं घेतली, मामाजी. अन् अडलं का हे दाबाचं. कोणता पत्ता खेळाचा तो चमकते."

असल्याला मी खेळ मानत नाही. रोवलेलं धान उपटून परत पऱ्ह्याच्या वाफ्यात लावता आलं असतं, तर गावातला प्रत्येक बैताड मोठा किसान झाला असता. मी ओसरीवर चटई टाकली आणि माझी गड्डी मांडली. एक्का निघाला, त्यावर मी तिर्री चढवली.

"मधात दुर्री पाहिजे, मामाजी," सून म्हणाली.

"दुर्री आमच्या खेळात राहतच नाही."

"मंग तो तुमचा खेळ झाला. मोबाइल नाही मानत."

मोबाइलनं मानावं म्हणून मी कधी काही केलेलं नाही.

तरी हरत राहिलो. आठवडेच्या आठवडे. सून येता-जाता चटईकडे पाहायची, ते जास्त लागायचं. मग माझ्या ध्यानात आलं की चाल दिसली की खेळायची, ही अडाण्यांची रीत आहे. धानाच्या बांधीला पाणी देताना आपण आधी पाहतो, कोणता धुरा फोडला तर पाणी कुठवर जाईल. तसंच हे. सगळ्यात जाड ढीग आधी मोकळा करायचा. जागा रिकामी झाली म्हणून खूश व्हायचं नाही. तिथं राजाच बसतो, तो हाती नसेल तर ती जागा पडीकच. आणि पत्ते वर चढवायची घाई करायची नाही. छक्की वर गेली की मग पंजी कोणावर ठेवणार?

एका दुपारी चारही राजे चढले. मी पान खाल्लं, धुतलेला सदरा घातला आणि पारावर गेलो.

"जिंकलो. एकटा."

भिडूनं खिशात हात घातला आणि चार दुऱ्या माझ्यापुढे टाकल्या. इतक्या दिवसांच्या घामानं त्यांचे कोपरे वळले होते.

"अन् ह्या कुठं होत्या? गड्डी पुरी नाही, तं डाव पुरा कसा? बस. मांड इथंच."

बाकीच्यांनी मोबाइल खाली ठेवले. मी दुऱ्या गड्डीत मिसळल्या, पत्ते पिसले आणि मांडले. दुर्रीसारखा फालतू पत्ता नाही, पण त्यातली एक नेमकी जाड ढिगाच्या तळाशी जाऊन बसली होती. तरी मी डाव ओढत आणला. शेवटी अडलो असं त्या पाच जणांना वाटलं. मी अडलो नव्हतो. काळी नव्वी उचलून बदामाच्या दश्शीवर ठेवली की खालून दुर्री निघत होती आणि पुढं सगळी वाट मोकळी होती. मी हात पुढं केला.

भिडू खाकरला.

मी हात मागं घेतला.

"काहून थांबला? लागते ना नव्वी," तो म्हणाला.

"मले दिसली होती."

"मंग ठेव ना."

"तू खाकरला."

"अरे, घसा आहे माया. आला खोकला."

मी पत्ते गोळा केले. त्याच्या घशानं जिंकलेला डाव मला नको होता. मोबाइल असता तर चाल मागं घेतली असती, पण खोकला मागं घ्यायचं बटन त्यातही नाही. डाव मी हरलो होतो आणि हरलेल्यानं काय करायचं हे मला कोणी शिकवायला नको. चारही दुऱ्या गड्डीतून काढून मी माझ्या धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात घातल्या.

कोणी हसलं नाही. भिडू तेवढा सरकला आणि त्यानं त्याची जुनी जागा धरली. सहा जण होतो, दुऱ्या निघालेल्याच होत्या. मी गड्डी पिसू लागलो.

"खाकराचं असन तं आताच खाकरून घे," मी त्याला म्हणालो.

त्यानं मान वळवली, पोटभर खाकरून घेतलं, आणि मी पत्ते वाटले.