मामांची लॉरी दम खाते

यंत्राशी माणसासारखं वागणारा माणूस उभ्या मावळात माझ्या धाकट्या मामांसारखा दुसरा झाला नसेल. आंदर मावळातल्या आमच्या गावाहून कान्हे स्टेशनापर्यंत भाताची पोती वाहणारी त्यांची बैलगाडी होती. माझ्या शाळेच्या दिवसांत दर सोमवारी त्या पोत्यांवर बसवून त्यांनी मला स्टेशनावर पोचवलं. आमच्या घराण्यात पहिला बी. ए. मी झालो, त्यात माझ्या अभ्यासाइतकाच त्या गाडीचाही वाटा आहे. पुढे लोणावळ्यात मोटारी दिसू लागल्या आणि पस्तिशी उलटलेल्या मामांनी बैल थोरल्या मामांच्या हवाली करून एका मुसलमान लॉरीवाल्याची उमेदवारी धरली. त्याला ते उस्ताद म्हणत. दोन वर्षं त्यांनी उस्तादांची लॉरी धुतली, पुसली आणि ते ती चालवायला शिकले.

शिकले खरे, पण आपल्या पद्धतीने. चपला खाली काढल्याशिवाय ते लॉरीत चढत नसत. निघताना चाकावर हात ठेवून "निघायचं का?" असं विचारत आणि उत्तर आल्यासारखी मान डोलावत. चढ लागला की स्वतः पुढे झुकत आणि शेजारच्यालाही झुकायला लावत. पोळ्याच्या दिवशी तर त्यांनी लॉरी हलवायलाच नकार दिला. उस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे मेरे बाप, सण बैलांचा आहे!" मामा शांतपणे म्हणाले, "ओझं वाहनाऱ्याचा हाय." त्या दिवशी लॉरीला झेंडूची माळ आणि बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य मिळाला.

लायसन मिळालं, पण नोकरी मिळेना. लोणावळा, कामशेत, तळेगाव, सगळीकडे लॉरीवाल्यांचा एकच प्रश्न : "अनुभव किती?" मामा म्हणायचे, "गाडी द्या, मंग हुईल." एकाने तर हसून विचारलं, "भाऊ, बैल हाकल्याचा अनुभव सांगताय की काय?" घरी आल्यावर मामा माझ्या आईला म्हणाले, "अक्के, समद्यांना पोहाया येनारा पायजे, पर पान्यात उतरू कुनीच देईना."

अशात उस्तादांनी बातमी आणली. इराणात जमिनीतून तेल काढणाऱ्या एका कंपनीला लॉरी-ड्रायव्हर हवे होते, नवे असले तरी चालणार होते. फक्त घाटात परीक्षा द्यायची. मामांनी मला विचारलं, "जमिनीतनं तेल? तिळाचं का करडईचं?" मी तेव्हा पुण्याला बी. ए.च्या शेवटच्या वर्गात जाणार होतो, सुटीत घरी आलो होतो. इंग्रजी कागद वाचायला मला त्यांनी बरोबर घेतलं.

वैशाखाचं ऊन तापलं होतं. पाण्याने भरलेली पिंपं लादलेली लॉरी खोपोलीहून खंडाळ्याला न्यायची होती. आधीचे तिघे जुने ड्रायव्हर भरधाव वर पोचले. मग मामांची पाळी आली. शेजारी कंपनीचे साहेब बसले, मागे पिंपांवर मी. अर्ध्या घाटात, ऐन वळणावर मामांनी लॉरी थांबवली, खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं आणि करवंदीच्या सावलीत तंबाखू मळत बसले. बैलगाडीवाले घाटात असंच करतात.

"काय हो, बिघडली का?" साहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"न्हाई साहेब. बिघडू नाय म्हनून दम खातीया."

"किती वेळ?"

"हात ठिवू दील तवर."

असे ते तीनदा थांबले. दर वेळी निघताना चाकाखालचा दगड उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवत. साहेब चिडले, "आता तो कशाला?" मामा म्हणाले, "मागनं कुनाची तरी गाडी येतच असंल की."

वर पोचलो तेव्हा आधीचे तिघे जेवूनही मोकळे झाले होते. "आबा, वाटंत मुक्काम केलता का?" एकाने टोमणा मारला. साहेब मात्र हसले नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवून ते म्हणाले, "या तिघांनी आज माझी गाडी उकळून आणली. तिकडे वाळवंटात गाडी उकळली, तर माणूसही वाचत नाही." आणि त्यांनी मामांपुढे कराराचा कागद ठेवला.

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. मुदतीची ओळ आली तेव्हा मामांनी मला थांबवलं.

"तीन वरसं?"

"हो."

त्यांना वाटलं होतं, घाण्यावर तेल काढतात तसं थोडे महिने काढायचं आणि भाताच्या कापणीला घरी यायचं. ते खंडाळ्याच्या त्या रस्त्याकडे बघत बसले. एवढी वणवण करून मिळालेलं काम हातात होतं, आणि साहेब शाई पुढे धरून उभे होते.

"तू शिकल्याला हाईस. काय करू, सांग."

"जा मामा," मी म्हणालो. "तीन वर्षं काय, बघता बघता जातील."

त्यांनी अंगठा उठवला. त्या तीन वर्षांना जोडून पुढे आणखी तीन झाली, मग आणखी. दुसऱ्याच्या अक्षरात त्यांची पत्रं येतात, सगळं बरं असल्याचं कळवतात. मीही नोकरीनिमित्त गावाबाहेर असतो. आई अजून कापणीच्या दिवसांत एक पान जास्त वाढते आणि मग स्वतःच उचलून ठेवते. मी जा म्हणालो तेव्हा मला विसावं लागलं होतं. तीन वर्षं म्हणजे किती, हे मला तोवर फक्त वर्गांच्या हिशेबात ठाऊक होतं.