सदतीस तारे आणि एक बोट

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या चंद्रशेखर बर्व्यांना जुन्या अमेरिकन झेंड्यांचं वेड होतं, तेही तारे भलतेच मांडलेल्या झेंड्यांचं. १९१२पर्यंत निळ्या चौकोनात तारे कसे लावायचे याचा नियमच नव्हता. शिवणारीला सुचेल तसे ती लावी: कुठे गोल, कुठे हिऱ्याच्या आकारात, कुठे नुसता सावळा गोंधळ. निवृत्त इंजिनिअर बर्वे त्या गोंधळावर जीव टाकत.

नऊ वर्षं ते, अमेरिकेत सदतीसच राज्यं होती तेव्हाच्या, सदतीस ताऱ्यांच्या एका झेंड्यामागे होते. छोट्या ताऱ्यांचा मिळून एक मोठा तारा, असा. दोनदा पदरी पडला तो नकली निघाला, तीनदा लिलावात दुसऱ्याच कुणी पळवला. बर्वे चरफडत राहिले. शेवटी यंदा तो मिळाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या अडीचशेव्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी गावातलं म्युझियम तो घेणार होतं, आणि खाली पाटी लागणार होती, 'चंद्रशेखर बर्वे यांच्या संग्रहातून'. पंचेचाळीस वर्षं इथे काढूनही "मूळचे कुठले?" हा लोकांचा प्रश्न चुकला नव्हता. ती पाटी त्यांना जिवापाड हवी होती.

पार्सल आलं ते नेमकं पूजेच्या वेळी. घरात आलेली नवी वस्तू, मग गाडी असो की मिक्सर, आधी देवापुढे! जन्माची सवय. बर्व्यांनी झेंडा देवापुढे उलगडला, हात जोडले आणि ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं. थेट मधल्या ताऱ्यावर.

मग भानावर आले. टिपायला गेले तर डाग आणखी पसरला. दीडशे वर्षं जे कुणी केलं नाही ते आपण अर्ध्या मिनिटात केलं! त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी म्युझियमची बाई आली. तिनं भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. डाग ताजा आहे, हा झेंडा काही प्रदर्शनात ठेवता येणार नाही, म्हणाली. "पण झालं कसं हे?"

"माय वाइफ..." बर्वे बोलून गेले. "पूजा, यू नो."

चहाचा ट्रे घेऊन सुनेत्राबाई दारातच उभ्या होत्या. बाईनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सुनेत्राबाईंनी चहा दिला, तिला दारापर्यंत पोचवलं, दार लावलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"पाटी तुमच्या नावाची लागणार होती ना? मग डाग तेवढा माझ्या नावावर का हो?"