मधात काच आहे ना

ये ग, अशी जवळ बस. चहा टाकलाय, पण आधी सांग, तुझ्या गाडीचा ड्रायव्हर उन्हात काऊन उभा आहे? "त्याला सवय आहे," म्हणतेस. भाची असलीस तरी तुझं हे मला आवडत नाही. सवय कशी असते, ते ऐक.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. सिंदेवाहीच्या या घरासमोर तेव्हा एका लाकूड ठेकेदार शेठचा डेपो होता. त्याचा ड्रायव्हर दुपारी आपल्या ओट्यावर चहाला यायचा. कपात चमचा वाजला की मान मागे वळवून अर्धा उठायचा. शेठची गाडी विलायती, लांबलचक, कुठल्याशा जमीनदाराकडून घेतलेली. ड्रायव्हर आणि मागच्या सीटच्या मध्ये सरकती काच. शेठ अंगठीनं ती वाजवायचा, की यानं निघायचं.

"भाऊ, चमचा आहे तो. बस," मी म्हणायची.

सुट्टी का मागत नाहीस, विचारलं तर म्हणायचा, "मधात काच आहे ना, बाई." शेठला तुझं नाव तरी माहीत आहे का? "मधात काच आहे ना."

एकदा हसतच आला. गाडीत नागपूरचे पाहुणे होते. शेठ ऐटीत 'लिमोझिन, लिमोझिन' करत होता, तेव्हा एका पाहुण्यानं त्या शब्दाची कुळकथा सांगितली. फ्रान्समध्ये त्या नावाचा मुलूख आहे. तिथले मेंढपाळ डोक्यावरून जाड झगा ओढून घेत. असल्या पहिल्या गाड्यांत छप्पर मागच्यांवर, ड्रायव्हर उघड्यावर. कोणी म्हणतं छप्पर त्या झग्याच्या टोपीसारखं दिसे, कोणी म्हणतं ड्रायव्हरच तसला झगा घालून भिजत बसे. मी विहारातल्या वाचनालयात जाऊन मोठा कोश उघडला. मुलूख होता, झगा होता, पुढचं सगळं 'बहुधा' म्हणून.

या ड्रायव्हरचा बाप मेंढरं राखायचा. बारा महिने डोक्यावर घोंगडी.

"मंग त गाडी माह्या बापाच्या नावाची निघाली, बाई. शेठच फुकट बसून राह्यला." आम्ही इतकं हसलो की चहा सांडला.

त्याच वर्षी श्रावणात मेंढरांमागं त्याच्या म्हाताऱ्या बापाला साप चावला. लोकांनी घोंगडीत गुंडाळून त्याला सडकेवर आणलं. मीही तिथंच एसटीची वाट पाहत होते. तेवढ्यात हीच गाडी आली, चंद्रपूरकडे निघालेली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. यानं गाडी थांबवली, एक पाय खाली टाकला आणि पहिल्यांदाच पुढून काच वाजवली.

शेठनं ती सरकवली.

"बापाले साप चावला, शेठ. पुढं घेतो, माह्याजवळ."

शेठनं पावसानं भिजलेल्या घोंगडीकडे पाहिलं. "वली आहे ते. वास मारते. पाहुणे आहेत ना मागं. एसटी येऊनच राह्यली, चाल."

आणि अंगठी वाजवली. काच उघडीच होती, चौकटीवर वाजवली. खाली टाकलेला पाय यानं आत घेतला. गाडी गेली.

लोक शिव्या देऊ लागले, तर तो म्हाताराच म्हणतो, "बोलू नका रे त्याले. ड्युटीवर आहे तो."

एसटी उशिरा आली. म्हातारा चंद्रपूरच्या अलीकडेच गेला.

बापाचे दिवस झाल्यावर यानं किल्ली परत केली आणि माझ्या ओट्यावर येऊन बसला. मला वाटलं, नेहमीचंच म्हणेल. पण म्हणाला, "त्या दिवशी काच उघडी होती, बाई."

पुढे तो बापाची मेंढरं राखू लागला. इकडून जाताना चहा घ्यायचा, तीच घोंगडी डोक्यावर. कपात चमचा वाजायचा. तो मान वळवायचा नाही. एका वर्षी मेंढरं आली ती दुसऱ्याच कोणामागं. मी विचारलं नाही.

ऊठ, तुझ्या ड्रायव्हरभाऊला आत बोलाव. तिघांचा चहा आहे. आणि पुढच्या वेळी एवढे दिवस लावू नकोस, लवकर ये. दोघंही आत या.