वामनभाऊजींची पाहुणी

नीरजा, ईशान, हल्ली मला वास येईनासे झाले आहेत. परवा दूध करपलं, तेही कळलं नाही. म्हणून वासांवर जगलेल्या एका माणसाबद्दल, आठवतं आहे तोवर, लिहून ठेवते.

अहिल्याबाई घाटाजवळच्या आपल्या घराशेजारी वामनभाऊजी राहत. विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एकटे. त्यांच्याकडे ऊन येत नसे, म्हणून आपल्या गच्चीतल्या कुंड्यांत त्यांनी कोबी लावला होता. सकाळी धुक्यात ते डोळे मिटून एकेक पान हुंगत. तेव्हा त्यांना हाक मारायचं धाडस होत नसे.

"वहिनी, अळीने चावलं की पान हाक मारतं."

"कोणाला?"

"मुंगीएवढ्या गांधीलमाशीला. ती त्या वासावर येते, अळीच्या पोटात अंडी घालते. पिल्लं अळीला आतून खातात. कात्रीने पान कापून पाहा, ती तेवढी भुलत नाही."

"आणि घाटावरचा हा धूप, हा धूर? त्यात तिला तुमचा कोबी सापडणार होय?"

"वही तो देखना है, वहिनी. जन्मभर तिला काचेच्या नळीत अळीपुढे सोडली. आपण होऊन आलेली एकदा बघायची आहे."

डॉक्टरांनी त्यांना पुढच्या थंडीची आशा दिली नव्हती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी माझ्या शिस्तीने गच्ची धुतली. कोबीच्या पानावर एका सुकलेल्या अळीभोवती पिवळे, रेशमी दाणे चिकटले होते. अळीची अंडी समजून मी ते खरवडून केरात टाकले आणि भाऊजींना अभिमानाने सांगितलं.

ते जिन्यावरच बसले. "वहिनी, पाहुणी येऊन गेली, आणि आपण तिची पोरं केरात टाकली."

मग ते हळूच म्हणाले, "पण आली हो! एवढ्या धुरातून आली!"

आम्ही दोघांनी केर चिवडला. पाच दाणे निघाले; पिल्लांनी अळीतून बाहेर येऊन विणलेले कोष होते ते. वाटीत ठेवून वर मलमल बांधली. आठवड्याभराने उन्हात मलमलीखाली काळे ठिपके हलू लागले. भाऊजींनी गाठ सोडली. ते ठिपके नदीवरच्या उजेडात विरले, की आमची नजरच विरली, सांगता येत नाही. रिकामी वाटी धरून ते बराच वेळ उभे होते.

फाल्गुनात त्यांना मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर नेलं.

दर थंडीत मी कोबी लावते, औषध फवारत नाही. पानांची चाळण होते. त्यांवर पिवळे कोष अजून सापडतात.